गप्पीच्या पोटाखालून लाल दोरे डोकावतायत, ताईला न सांगता औषध घालू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : ताई कामानिमित्त सहा महिन्यांसाठी बाहेर गेली आणि जाताना तिची माशांची टाकी माझ्या हवाली करून गेली. टाकी शंभर लिटरची. त्यात गप्पी, काही कोरीडोरस (तळाशी चरणारे छोटे मासे), एक मोठी पिवळी गोगलगाय आणि भरपूर झाडं. दोन महिन्यांपूर्वी मला आवडल्या म्हणून मी तीन नव्या गप्पी आणल्या आणि थेट टाकीत सोडल्या. आता एका मादीच्या पोटाखालून, शेपटीच्या अलीकडे, लाल दोऱ्यांसारखं काहीतरी बाहेर येताना दिसतं. शोधाशोध केल्यावर कळलं की हे जंत असावेत. कोणी म्हणतं मीठ घाल, कोणी म्हणतं कुत्र्याची जंताची गोळी कुटून टाक. एका मित्राच्या मते सगळे मासे तलावात सोडून टाकी नव्यानं सुरू करावी. ताईचा औषधांवर अजिबात विश्वास नाही, कारण काही वर्षांपूर्वी टाकीत औषध घातल्यावर एका रात्रीत तिचे बहुतेक मासे गेले होते. त्या एका मादीला बादलीत काढून ताई येईपर्यंत दोन महिने थांबू, की तिला न सांगता एखादं हलकं, सुरक्षित औषध घालू? आणि हो, मधल्या काळात ऑफिसमधल्या दोघांना मी गप्पीची पिल्लं दिली आहेत. त्यांना सांगायला हवं का?

उत्तर :

ताईला काय सांगायचं याची चिंता तुम्हाला जंतांपेक्षा जास्त दिसते आहे. त्याकडे वळूच. पण आधी टाकीकडे जाऊ, कारण ताईशी काय बोलायचं ते टाकीत नेमकं काय चाललंय यावर ठरणार आहे.

पहिली गोष्ट, ते जंतच आहेत याची खात्री करा. लाल रंगाचं खाणं खाल्लेल्या गप्पीची विष्ठाही लाल आणि दोऱ्यासारखी लोंबते, आणि त्यावरून घाबरून टाकीत औषधं ओतणारे पुष्कळ आहेत. फरक ओळखायला रात्री दिवा लावून काचेजवळ पाच-दहा मिनिटं बसावं लागेल. विष्ठा एकच सलग दोरा असते, माशामागे फरफटत जाते आणि थोड्या वेळानं गळून पडते. जंत गळत नाहीत. मासा एका जागी स्थिरावला की तीन-चार बारीक, ताठ, तांबड्या काड्या एखाद्या छोट्या ब्रशसारख्या बाहेर डोकावतात, आणि मासा पोहायला लागला की पुन्हा आत ओढल्या जातात. हे असं आत-बाहेर होताना दिसलं, तर तो बहुतेक कॅमालेनस, म्हणजे माशाच्या आतड्यात राहणारा एक गोलकृमी. गप्पी, मॉली, प्लॅटी या पिल्लं घालणाऱ्या माशांत तो नेहमीचा आहे, पण एंजल, डिस्कस, बेट्टा, कोणालाही होतो.

जवळपास पशुवैद्य असतील आणि त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक असेल, तर ताज्या विष्ठेचा नमुना टाकीच्याच पाण्यात, छोट्या बाटलीतून घेऊन जा. एखादा मासा मेला असेल तर तोही तासाभराच्या आत नेता आला तर उत्तम. माशांचं खास ज्ञान त्यांना नसलं तरी चालेल. जंत ओळखणं हे त्यांचं रोजचं काम आहे. कॅमालेनसची मादी भिंगाखाली पाहिली तर तिच्या पोटात वळवळणाऱ्या अळ्या खच्चून भरलेल्या दिसतात. ती अंडी घालत नाही, थेट जिवंत अळ्या सोडते.

उपचाराचं सगळं गणित या अळ्यांवर बसतं. निसर्गात त्या अळ्या आधी सायक्लॉप्ससारख्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात जातात आणि तो किडा माशानं खाल्ला की माशात वाढतात. पण बंद टाकीत या जंताला मधल्या किड्यावाचूनही भागवता येतं. तळाशी पडलेल्या अळ्या माशांनी खाल्ल्या की झालं. पाण्यात त्या बरेच दिवस तग धरतात. आणि अळी पोटात गेल्यापासून ते लाल काड्या बाहेर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात.

आता तुमच्या ‘त्या एका मादीला बादलीत काढून’ या योजनेकडे या प्रकाशात बघा. त्या मादीला बाहेर काढून तुम्ही रोग काढत नाही, रोगाची सूचना देणारा मासा तेवढा काढता. ती दिवसभर ज्या खडीवर चरत होती, त्याच खडीवर बाकीचे गप्पी आणि कोरीडोरस चरतात. कोरीडोरस तर तोंड खुपसूनच जेवतात. एका माशात जंत बाहेर दिसायला लागलेत म्हणजे बाकीच्यांपैकी काहींच्या पोटात ते असणार, हे धरूनच चालायचं. शिवाय फिल्टर आणि एअर पंप नसलेल्या बादलीत अमोनिया झपाट्यानं वाढतो. आजारी माशाला जंतांच्या आधी तोच मारेल.

चिमट्यानं जंत ओढून काढायचा मोहही कृपया आवरा. कॅमालेनसचं तोंड आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं आणि तिथलं रक्त पिऊनच तो लाल झालेला असतो. ओढलात तर आतडं फाटेल.

दोन महिने थांबण्याचा पर्याय तुम्हाला सगळ्यात निरुपद्रवी वाटतोय, हे मला समजतं. काही केलं नाही तर आपला दोष नाही, असं आपल्याला वाटतं. पण या जंताच्या बाबतीत थांबणं ही कृतीच आहे. या दोन महिन्यांत अळ्यांच्या नव्या पिढ्या तयार होतील, माशांची पोटं खपाटीला जातील, पाठीचा कणा वर आल्यासारखा दिसेल, माद्यांना पिल्लं कमी होतील आणि झालेली जगणार नाहीत. ताई येईल तेव्हा उपचाराला जोगे मासे कमी उरलेले असतील. म्हणून, ते जंतच आहेत हे नक्की झालं की औषध घालायचं, आणि सगळ्या टाकीला घालायचं. या मुद्द्यावर माझं मत डळमळीत नाही.

राहिला प्रश्न ‘सुरक्षित’ औषधाचा. सुरक्षित आणि हलकं, असं तुम्ही जोडून लिहिलंय, आणि मला शंका आहे ती त्या जोडीचीच. हलकं औषध म्हणून लोक मीठ घालतात. मिठानं बाहेरच्या काही परजीवींवर परिणाम होतो, पण आतड्यातल्या जंतांपर्यंत ते पोचतच नाही. उलट तुमची झाडं सुकतील आणि गोगलगायही वैतागेल. मेथिलीन ब्लूचंही तेच, पाणी निळं होतं आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. लसूण चोळलेल्या खाण्यानं भूक वाढते असं अनेकांना वाटतं, वाटू द्या, पण जंत निपटायला त्याच्यावर विसंबू नका. उलट्या टोकाला आयव्हरमेक्टिन. जनावरांसाठी उत्तम असलेलं हे औषध माशांना मात्र फार थोड्या मात्रेत घातक ठरतं. ते टाकीच्या आसपासही आणू नका.

कुत्र्याच्या गोळीत अडचण वेगळी आहे. अशा बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात आणि मात्रा कुत्र्याच्या वजनावर बेतलेली असते. त्यातलं फेनबेन्डाझोल गोलकृमींवर चांगलं काम करतं, पण पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. गोळी कुटून टाकीत टाकली तर पांढरी पूड खडीवर जाऊन बसते. मात्रा किती झाली ते कोणालाच कळत नाही, आणि तुमची पिवळी गोगलगाय त्या पुडीवरून सरपटत जाते. गोगलगायींना हे औषध मानवत नाही, कित्येक जातींच्या त्यानं मरतातही. फेनबेन्डाझोल द्यायचं तर खाण्यातून. पद्धत सांगायची तर, खाण्याच्या वजनाच्या ०.२५ टक्के, म्हणजे एक ग्रॅम खाण्याला अडीच मिलिग्रॅम, असं सलग तीन दिवस आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. कमी पाण्यात भिजवलेल्या जिलेटिनमध्ये औषध आणि खाणं एकत्र कालवून, थंड करून, बारीक किसून देतात. यात गोम एकच आहे. सगळ्यात आजारी मासा सगळ्यात कमी खातो.

म्हणून कॅमालेनसच्या बाबतीत पाण्यात विरघळणारं लेव्हामिसोल सोयीचं पडतं. ते जंताच्या स्नायूंना ताठ आखडवून टाकतं. आखडलेल्या जंताची पकड सुटते आणि मासा त्याला विष्ठेबरोबर बाहेर टाकतो. माशांसाठी सांगितलं जाणारं प्रमाण म्हणजे लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड दर लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २४ तास. मिळतं ते बहुधा गुरांच्या किंवा कबुतरांच्या जंताचं औषध म्हणून. त्यामुळे पशुवैद्यांना विचारून, त्यांच्याच सल्ल्यानं घ्या आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. काही बाटल्यांत त्याच्या जोडीला दुसरं जंतनाशक मिसळलेलं असतं. तसली बाटली परत करा. हायड्रोक्लोराइडऐवजी फॉस्फेट लिहिलं असेल तर हिशेब बदलतो, तेही त्यांनाच विचारा.

आता गणित. खरी सुरक्षितता मला इथे दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही लिहिलंय टाकी शंभर लिटरची. हा आकडा विकताना सांगितलेला असतो, काचेच्या बाहेरच्या मापावरून काढलेला. समजा टाकी ८० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि ३६ उंच आहे. गुणाकार करून हजारानं भागलं की शंभर लिटर भरतात. पण आता टेप घेऊन आतून मोजा. काचांची जाडी गेली की लांबी ७९, रुंदी ३४. पाणी काठोकाठ कोणी भरत नाही, तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंत ३० सेंटिमीटर. झाले ८० लिटर. तळाशी पाच सेंटिमीटर खडी आहे. तेवढ्या थराचं आकारमान तेरा लिटरच्या वर जातं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग दगडच असतो, म्हणजे आठेक लिटर कमी. दगड, लाकूड, त्यांचे आणखी चारेक लिटर. उरलं ६८ लिटर पाणी. शंभर धरून औषध घातलं असतं तर मात्रा जवळजवळ दीडपट झाली असती. २ मिलिग्रॅमनं गुणलं तर ६८ लिटरला लागतात १३६ मिलिग्रॅम. औषध दहा टक्क्यांचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असेल, तर १.३६ मिलिलिटर. हे चमच्यानं मोजायचं माप नाही. सुई काढून टाकलेली एक किंवा दोन मिलिलिटरची सिरिंज लागते. ही मापं मी नमुन्यादाखल घेतलीत, तुमच्या टाकीची तुम्ही स्वतः घ्या, कागदावर लिहा आणि दुसऱ्या कोणाकडून तो हिशेब तपासून घ्या. दशांश चिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट होते.

औषध घालायच्या आदल्या दिवशी खडी सायफननं नीट साफ करा आणि पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. कुजकं पडून राहिलं तर औषध काम कमी करतं आणि पाणीही बिघडतं. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून बसेल. यूव्ही दिवा असेल तर बंद. फिल्टरचा स्पंज मात्र चालू पाण्यात राहू द्या, नळाखाली धुऊ नका. त्यातले जिवाणूच अमोनिया खातात. गोगलगायीला लेव्हामिसोल सहसा बाधत नाही, तरी ताईचा जीव तिच्यात असेल तर तिला मासे नसलेल्या वेगळ्या भांड्यात, एअर पंप लावून ठेवा. पूर्ण उपचार संपेपर्यंत तिकडेच राहू दे. तिच्या अंगावरून आलेल्या अळ्यांना खाणारा मासाच नसेल तर त्या आपोआप संपतील.

मोजलेलं औषध टाकीच्याच मगभर पाण्यात कालवा आणि फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे दहा-पंधरा मिनिटांत थोडं थोडं ओता. दिवा बंद करा, टाकीवर कापड टाका, कारण प्रकाशात हे औषध लवकर निकामी होतं. एअर पंप जोरात चालू. त्या दिवशी खाणं नाही. हातमोजे घाला. पूड वापरत असाल तर मास्कही लावा, आणि गरोदर बाईनं हे काम करू नये. माणसांसाठी हे औषध एकेकाळी वापरात होतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात म्हणून काही देशांत ते मागे घेतलं गेलं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा, रात्री झोपताना नाही. पहिले काही तास अधूनमधून कापड बाजूला करून बघा. दोरे बाहेर लोंबताना किंवा खडीवर पडलेले दिसले तर काम होतंय. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तोल जाऊन कलंडू लागले, तर वाट बघू नका. निम्मं पाणी बदला आणि कोळसा परत फिल्टरमध्ये घाला. यासाठी क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी आधीच भरून तयार ठेवायचं असतं. फार पोखरलेला एखादा मासा औषधानंतर मरू शकतो. तेवढ्यावरून बाकीच्यांचा उपचार थांबवू नका.

चोवीस तासांनी करायचं काम निम्मे लोक टाळतात आणि मग औषध चाललं नाही म्हणतात. जंत आखडलेत, मेलेतच असं नाही, आणि मेलेल्या मादीच्या पोटातल्या अळ्या जिवंत असू शकतात. म्हणून खडीचा कोपरा न् कोपरा सायफन करा, निम्म्याहून जास्त पाणी बदला, कोळसा परत लावा. हे पाणी तलावात, विहिरीत किंवा ओढ्यात जाईल असं ओतू नका, आणि खायच्या रोपांनाही नको. जाळी, सायफन, बादली कडक उन्हात खडखडीत वाळवा. दोन-तीन आठवड्यांनी हा सगळा प्रकार पुन्हा, आणि माझं ऐकाल तर त्यानंतर तितक्याच अंतरानं तिसऱ्यांदाही. पहिल्या खेपेला मोठे जंत जातात, कोवळ्या अळ्या वाचतात. त्या मोठ्या होऊन नवी प्रजा सोडण्याआधी त्यांना गाठायचं असतं. मधल्या दिवसांत दर तीन-चार दिवसांनी तळ साफ करत राहा.

मासे तलावात सोडण्याचा सल्ला देणाऱ्या मित्राला एक गोष्ट सांगा. कॅमालेनस कॉटी या जंताचं वर्णन प्रथम १९२७ मध्ये जपानमध्ये झालं. हवाई बेटांच्या ओढ्यांत तो पोचला तो बाहेरून आणून सोडलेल्या गप्पीसारख्या माशांच्या पोटातून, असं अभ्यासक मानतात, आणि आज तिथल्या मूळच्या गोबी माशांच्या आतड्यांतही तो सापडतो. टाकी नव्यानं सुरू करायची तरी मासे पाण्यात सोडायचे नसतात. घरातल्यांना भीती वाटत असेल तर हेही सांगा की हा जंत माणसाला होत नाही. टाकीत हात घातल्यावर साबणानं धुवायचे आणि हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही, ही काळजी मात्र जंत असोत-नसोत घ्यायचीच असते.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात आणि प्रत्येकात जंत वेगळा असतो, म्हणून थोडं इतरांसाठी. काचेवर किंवा खडीत केसासारखे पांढरे, नागमोडी पोहणारे किडे दिसत असतील तर ते बहुतेक कुजक्यावर जगणारे, माशांना न छळणारे. खाणं जास्त पडतंय एवढंच ते सांगतात. खाणं कमी करा, खडी साफ करा, औषध नको. मासा दगडावर अंग घासतो, एकाच बाजूचा कल्ला उघडतो, भराभर श्वास घेतो, तर कल्ल्यांवरच्या किंवा त्वचेवरच्या चपट्या कृमींची शंका घ्यावी. त्यांच्यावर आणि पट्टकृमींवर प्राझिक्वान्टेल चालतं, लेव्हामिसोलनं काम भागत नाही. आणि उलट, प्राझिक्वान्टेल कॅमालेनसला काही करत नाही. कल्ल्यांवरच्या कृमींतले काही अंडी घालतात आणि अंड्यांवर औषध लागू पडत नाही, म्हणून तिथेही पुनरावृत्ती आलीच. अंगातून हिरवट-पांढरी काडी बाहेर आलेली, टोकाला दोन पिशव्या, असा ‘अँकर वर्म’ दिसला तर तो कृमीच नाही. तो झिंग्या-खेकड्यांच्या कुळातला जीव आहे आणि त्याचं औषध वेगळं. पांढरी, पारदर्शक, लांब विष्ठा एवढंच लक्षण असेल तर जंत, आतड्यातले एकपेशीय जीव किंवा नुसती उपासमार, काहीही असू शकतं. तिथे सूक्ष्मदर्शकाशिवाय औषध निवडणं म्हणजे सोडतीत चिठ्ठी उचलणं.

आता ताई.

तिचे मासे एका रात्रीत गेले होते, ते औषधानं गेले असं ती मानते, आणि ते खोटं असेलच असं नाही. पण तिला विचारा, कोणतं औषध होतं, पाणी किती लिटर धरलं होतं, एअर पंप चालू होता का, आधीचं दुसरं औषध पाण्यात होतं का. फॉर्मेलिनसारखी औषधं पाण्यातला प्राणवायू खेचून घेतात. रात्री पंप बंद असेल तर पहाटेपर्यंत मासे तळाला. शंभर लिटरचा आकडा तेव्हाही कोणीतरी खरा मानला असेल, ही शक्यता मला बरीच मोठी वाटते. तिची भीती खोडून काढायला जाऊ नका. तिच्या अनुभवातून तुमच्या हिशेबाची तपासणी होईल.

तिला न सांगता औषध घालण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याला नीतीपेक्षा व्यवहाराचं कारण जास्त आहे. या टाकीत आधी काय काय घातलं गेलंय, गोगलगाय कुठल्या जातीची आहे, फिल्टर केव्हा उघडला होता, हे तिला माहीत आहे, तुम्हाला नाही. तीन खेपांचा उपचार महिना-दीड महिना चालतो. मध्येच तिनं व्हिडिओ कॉलवर टाकी दाखव म्हटलं तर कापड टाकलेली टाकी दाखवणार आहात का? नव्या गप्पी थेट टाकीत सोडल्या हे चुकलंच, नव्या माशांना चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मग आत घ्यायचं असतं. पण जंत त्याच तिघींनी आणले हे तुम्ही ठरवून टाकलंय. दोन महिने हा काळ त्या हिशेबात बसतो हे खरं, तरी जिवंत खाण्यातून, आधीच्या एखाद्या माशातूनही ते आलेले असू शकतात. तुमच्या हातून घडलं तेवढंच कबूल करा, न घडलेलं अंगावर घेऊ नका. असं काहीतरी लिहा : “ताई, एका गप्पीला लाल जंत दिसतायत, व्हिडिओ पाठवतोय. दोन महिन्यांपूर्वी मी तीन नवीन गप्पी वेगळ्या न ठेवता सोडल्या होत्या, हे तुला सांगायचं राहिलं. औषधाचं नाव, पाण्याचं माप आणि हिशेब सोबत जोडलाय. मागच्या वेळी नेमकं काय घातलं होतं ते सांग, म्हणजे तसं होणार नाही. शनिवारी सुरू करावं असं माझ्या मनात आहे.”

या निरोपात तुम्ही परवानगीची भीक मागत नाही आणि तिला वगळतही नाही. ती नाहीच म्हणाली, तर खाण्यातून फेनबेन्डाझोल देण्याचा मार्ग तिच्यापुढे ठेवा, गोगलगाय बाहेर काढून. पाण्यात काही घालायचं नाही म्हटल्यावर अनेकांचा विरोध मावळतो. तरीही नाही म्हणाली, तर मासे तिचे आहेत. मग निदान तळ साफ ठेवा आणि टाकीतला एकही मासा, एकही रोप, कपभर पाणीसुद्धा दुसऱ्या कोणाला देऊ नका.

ऑफिसमधल्या दोघांना मात्र ताईच्या उत्तराची वाट न बघता उद्याच सांगा. ‘तुमच्या टाकीत काही दिसतंय का?’ असं मोघम विचारू नका. जंत अजून दिसत नसतील, ते नाही म्हणतील, आणि विषय तिथेच बुडेल. माझ्या टाकीत कॅमालेनस निघालाय, दिलेल्या पिल्लांत तो असू शकतो, असं सरळ सांगा आणि जंत कसे दिसतात त्याचा व्हिडिओ द्या. पिल्लं त्यांनी अजून वेगळ्या बरणीत ठेवली असतील तर काम फारच सोपं आहे, तेवढ्याच पाण्याचा हिशेब. मोठ्या टाकीत सोडली असतील तर त्यांनाही टाकी आतून मोजायला लावा. आणि त्यांनी ती पिल्लं पुढे आणखी कोणाला दिली का, हेही विचारून घ्या. गप्पी पाळणाऱ्यांची पिल्लं एका घरात थांबत नाहीत.